फुलावरून निंदणावर

"हात दाखव."

मॅनेजर लिंबाखाली खुर्ची टाकून बसला होता. पुढं टेबल. टेबलावर हजेरीचं पुस्तक. त्याच्यासमोर बायांची रांग. नव्या बायांची. हंगामाला पहिल्यांदा कामावर लागायला आलेल्या. त्या रांगेत मी उभी होते.

त्या फारमात नऊ वर्षं काम केलेली मी.

मी दोन्ही हात पुढं केले. त्यानं हात लावला नाही. पेन्सिलीच्या टोकानं माझा उजवा अंगठा वर उचलला. पाहिला.

"नख कुठं गेलं?"

"कापलं, साहेब."

"का?"

"सासू लकव्यानं बाजेवर पडून होती. तिले कुशीवर करतानी पाठीले लागे."

तो हसला. मागं उभ्या असलेल्या नामदेव जमादाराकडं पाहून हसला. जमादार हसला म्हणून रांगेतल्या दोन-चार बाया हसल्या. कामावर लागायचं होतं त्यांना. त्यांचा काय दोष.

"चौदा महिने हगमूत काढलेले हात हे," मॅनेजर म्हणाला. "फुलाला चालायचे नाहीत. निंदणात जा, तण काढ."

आणि खिशातून रुमाल काढून त्यानं ती पेन्सिल पुसली.

माझ्या हातांना वास नव्हता. सासू जाऊन पंधरा दिवस झाले होते. मी नदीवर राखेनं हात घासले होते, निघताना पुन्हा घासले होते. पण त्यानं पेन्सिल पुसली आणि सगळ्यांच्या समोर माझ्या हातांना वास आला.

त्याच्या खुर्चीमागं वच्छी उभी होती. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात दोऱ्यांचा पत्र्याचा डबा. फारमाची नवी मुकादमीण. वच्छीला मीच शिकवलं होतं. फूल कसं धरायचं, नख कुठं लावायचं, किती दाबायचं. ती खाली पायाच्या बोटांकडं पाहत राहिली.

मी काय केलं? काही नाही. हे मी आधीच सांगून टाकते.  ढिगातलं एक खुरपं उचललं आणि निंदणाच्या बायांमागं गेले.

मी पातूरकडची. माळ्याची पोरगी. बाप शेवंती लावायचा, झेंडू लावायचा, टोपल्या भरून अकोल्याच्या बाजारात न्यायचा. फुलाला नख लावू नये, असं माझी माय सांगे. डाग पडतो. लग्न होऊन मी अकोल्याजवळच्या गावात आले आणि तिथं माझं सगळं काम नखाचंच निघालं.

गावाला लागून एक मोठं फारम होतं. मालक अमरावतीला राहत, महिन्यातून एकदा-दोनदा मोटारीनं येत. तिथं कपाशीचं बियाणं तयार व्हायचं. माझा नवरा तिथं औत हाकायचा. मीही लागले. आधी निंदणात, मग वेचणीत. मग तेव्हाच्या जुन्या मॅनेजरनं मला फुलावर घेतलं.

फुलाचं काम म्हणजे दोन जातींच्या पऱ्हाटींचं, कपाशीच्या झाडांचं, लग्न लावायचं. उद्या उमलणारी कळी आज दुपार कलल्यावर हेरायची. अंगठ्याचं नख बुडाशी फिरवून पाकळी सोलायची. आतले पिवळे दाणे काढून टाकायचे. मधली नाजूक दांडी तेवढी ठेवायची. तिला ओरखडा गेला की फूल गळालं. मग वर कागदाची टोपी. दुसऱ्या दिवशी सकाळी, फुलं उमलली की, दुसऱ्या जातीच्या फुलाची पिवळी भुकटी त्या दांडीला लावायची. दोरा बांधायचा, चिठ्ठी बांधायची. दुपारच्या आत. दुपारनंतर काही उपयोग नाही.

माझी शंभरातली फार थोडी फुलं गळत. जुने मॅनेजर म्हणत, "बाई, तुझ्या नखात डोळा आहे." त्यांनी मला चिठ्ठीवर लिहायला शिकवलं. आधी आकडे, मग अक्षरं. दुपारच्या भाकरीनंतर मी मातीत काडीनं गिरवत बसे. बाया हसत. दोन वर्षांत मी चिठ्ठ्या लिहायला लागले. पुढं हजेरीचं पुस्तकही वाचता यायला लागलं. हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

त्या फारमात बाई कधी मुकादम झाली नव्हती. जुन्या मॅनेजरनं नोकरी सोडून जाताना नव्याला माझ्यासमोर सांगितलं, "फुलाची मुकादमी या बाईला द्या." नवा पुण्याकडचा होता. तो म्हणाला, "देऊ की. येत्या हंगामापासून देऊ."

मी घरी आले ती हवेतच आले.

त्याच उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, सासू न्हाणीजवळ पडली. उठवली तर उजवं अंग गेलेलं. तोंड वाकडं.

दुसऱ्या दिवशी माझा भासरा आला. नवऱ्याचा मोठा भाऊ. तो नांदगाव खंडेश्वरकडं बटाईनं शेती करायचा. दोघं भाऊ ओसरीत बसले. मी चुलीपाशी. बुढीपाशी कोण बसणार, असं कोणी कोणाला विचारलंच नाही. भासरा एवढंच म्हणाला, "लेक असती त लेकीनं पाह्यलं असतं. आता सून हाये." आणि तंबाखू मळायला लागला.

मी चुलीपासूनच बोलले. "मले मुकादमी भेटून राहिली. तुमी दोघं भाऊ आळीपाळीनं बसा. सकाळ-संध्याकाळचं मी करते."

नवरा म्हणाला, "माणसानं बुढीचं लुगडं बदलावं काय?"

"माय तुमची हाये."

त्यानं मला मारलं नाही. आवाजही चढवला नाही. विचारलं फक्त, "उद्या बुढी मेली, त लोक कोणाले शिव्या देतीन? मले का तुले?"

मला. हे मलाही ठाऊक होतं. मी फारमात सांगायला गेले. मॅनेजर म्हणाला, "जा. सासूचं कर. जागा कुठं पळून जाते?" हे शब्द जसेच्या तसे माझ्या ध्यानात आहेत. नामदेव जमादार तिथंच उभा होता.

मी विश्वास ठेवला.

चौदा महिने. चौदा महिन्यांचं काय सांगू? पहाटे उठून आधी तिचं अंथरूण. मग तिला पुसणं. मग पेज, अर्धी आत, अर्धी गळ्यावर. मग कुशीवर करणं. ती हाडाची बाई, पण मेलेलं अंग जड असतं. लिंबाचा पाला उकळून पाठ धुवायची. पहिल्याच महिन्यात माझ्या नखानं तिच्या पाठीवर ओरखडा निघाला. तो चिघळला. त्या दिवशी मी इळीवर नख कापून टाकलं. इतकी वर्षं सांभाळलेलं.

नवरा संध्याकाळी दारातून विचारायचा, "जेवली काय बुढी?" आणि पारावर जायचा. भासरा चौदा महिन्यांत दोनदा आला. दोन्ही वेळा मायच्या पायाशी बसून रडला. शेजारच्या बाया म्हणाल्या, "लेक कसा रडते पाह्य मायसाठी." मी तेव्हा मागच्या अंगणात तिची लुगडी धूत होते.

सासू चांगली बाई नव्हती. मेलेल्या माणसाबद्दल खोटं कशाला बोलू. पहिली काही वर्षं तिनं मला फार छळलं. मी अक्षरं गिरवते हे कळलं तेव्हा तिनं माझ्या गिरवायच्या चिठ्ठ्या चुलीत घातल्या होत्या. पण बाजेवर पडल्यावर आम्ही दोघीच उरलो. दिवसभर दुसरं माणूस नाही.

फुलाचा हंगाम लागला. सकाळी फारमात जाणाऱ्या बायांचा आवाज घरावरून जायचा. वच्छीचा आवाज मला ओळखू यायचा. एक दिवस तो आवाज गेला आणि माझा हात थांबला. वाटी हातात तशीच. बुढी माझ्याकडं पाहत होती. एका बाजूच्या तोंडानं ती काहीतरी बोलली. मला वाटलं पाणी मागते.

"जाय," ती म्हणाली. "फारमात जाय."

"बसा उगी. तुमाले कोण पाह्यते मंग?"

तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मग तुकड्या-तुकड्यानं, थांबत, तिनं सांगितलं. मला ते जोडून घ्यायला अर्धा दिवस लागला. तरणी होती तेव्हा ती अकोल्याच्या बाजारात भाजी विकायची. मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. बाजारात तिची स्वतःची जागा होती, चिंचेच्या सावलीची. गिऱ्हाइकं तिला नावानं शोधत यायची. मग तिचा सासरा अंथरुणाला खिळला. तीन वर्षं. तीन वर्षांनी ती टोपलं घेऊन गेली तर जागेवर दुसराच बसलेला. तो म्हणाला, मागं जाऊन बस, उन्हात. ती गेली नाही. त्या दिवसापासून ती बाजारातच गेली नाही.

"मलेही बसवलं होतं," ती म्हणाली. आणि मग, "मले वाटे, तूही बसावं. मी बसली तशी."

एवढं ती बोलली. मी तिचं तोंड पुसलं. मला राग आला होता की रडू, ते आजही सांगता येत नाही. पण त्या दिवसानंतर मी तिच्याशी खोटं गोड बोलले नाही आणि तीही माझ्याशी तसं बोलली नाही. श्रावणात ती गेली. तेरावं झालं. आणि मी फारमाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. पुढचं सांगितलंच आहे.

निंदणात माझ्या बाजूच्या तासाला, म्हणजे ओळीला, सरू होती. नामदेव जमादाराची बायको. सरू पूर्वी माझ्यासोबत फुलावर होती. चांगला हात होता तिचा.

"तू काहून निंदणात वं?" मी विचारलं.

सरूनं खुरपं थांबवलं नाही. पाऊस लवकर आला की उशिरा, हे सांगावं तसं तिनं सांगितलं. मी घरी होते त्या वर्षात नामदेव पातूरच्या बाजारातून येताना बैलगाडीवरून पडला. पाय मोडला. पाच महिने तो खाटेवर. त्याची काठी आणि त्याचा पट्टा बियाण्याच्या कोठ्यातल्या खुंटीला टांगून ठेवला होता. मॅनेजर म्हणे, जमादार येईल तेव्हा येईल. सरू पाच महिने त्याच्यापाशी बसली. पाय बरा झाला. तो गेला, काठी घेतली, जमादार झाला. ती गेली, तिला निंदणात घातलं.

"पाय त्याचा मोडला," मी म्हणाले, "अन् नाव तुझं कटलं?"

"तो जमादार हाये ना वो," सरू म्हणाली.

मी तासात उभी राहिले. उन्हात. तोवर मला वाटत होतं, हे माझं नशीब. सासू माझी पडली, मॅनेजर माझ्यावर उलटला, माझं नख गेलं. माझं, माझं. आता मी त्या ओळीकडं पाहिलं. वाकलेल्या अकरा पाठी. दुपारच्या भाकरीला मी एकेकीला विचारलं. एकीचं बाळंतपण झालं होतं, मूल राहिलं नाही, जागाही राहिली नाही. एकीचा बाप आंधळा झाला होता. एकजण मेलेल्या जावेची दोन पोरं सांभाळायला थांबली होती. अकरांतल्या सातजणी कधी ना कधी फुलावर होत्या. कोणी आळशी नव्हती. कोणाचा हात वाईट नव्हता. घरी बसावं लागलं होतं, एवढाच त्यांचा गुन्हा.

आणि अकरांतली एकही याला अन्याय म्हणत नव्हती. मीही कालपर्यंत म्हणत नव्हते.

पंधरा-वीस दिवस गेले. फुलाच्या वावरात फुलं गळायला लागली. सकाळी झाडाखाली पडलेल्या कागदाच्या टोप्या आम्हाला निंदणातून दिसत. वच्छी घाबरली की दाबून सोले, मी शिकवतानाही सोलायची. दांडीला ओरखडा जाई. बाकीच्या सगळ्या नव्या होत्या. त्यातच कळलं, नागपूरहून सरकारी शेतीखात्याचे साहेब बियाणं पाहायला येणार. मालकही सोबत येणार.

मॅनेजरनं मला कोठ्यात बोलावलं. तोही घाबरलेला होता. घाबरलेला साहेब मी पहिल्यांदा पाहिला.

"उद्यापासून फुलावर ये," तो म्हणाला. "वच्छीच्या हाताखाली. काम तू बघ, नाव वच्छीचं राहील."

हातांचं काय झालं होतं? आता ते चालणार होते. हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"मुकादमी देता काय?"

"मुकादमी कशी देणार? तुझ्या कामात खंड पडलाय. मधे खंड पडला की बढती नाही. नियम आहे."

"कोठी लिहिला हाये? दाखवा. मले वाचता येते."

त्यानं हजेरीचं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "बाया वाचायला लागल्या की अशा बिघडतात."

"साहेब, नामदेव जमादाराचाही पाच महिने खंड पडला होता."

"तो आजारी होता. ती रजा."

"अन् त्याच्यापाशी सरू बसली होती, ते काय?"

"ते घरचं काम. त्याचा फारमाशी काय संबंध?"

"मंग घरचं काम फारमाच्या पुस्तकात कायले लिहिता? आमच्याच नावापुढं कायले लिहिता?"

 ज्याच्यापाशी खुर्ची असते, तो जे करतो तेच त्यानं केलं. म्हणाला, "उद्या सकाळी फुलावर दिसली नाहीस तर निंदणालाही येऊ नकोस. चल, नीघ."

मी फुलावर दिसले. सकाळी सगळ्यांच्या आधी गेले आणि वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बसले. फुलं उमलायला लागली होती. पिवळी, ओली. फुलावरच्या नऊ बाया आल्या. मी त्यांना सांगितलं, "मी आज हात लावत नाई. मुकादमीण म्हणून कामावर घेतीन तवाच लावीन. अन् ज्या बाया दुखणं काढाले घरी बसल्या, त्या साऱ्या परत फुलावर आल्या पाह्यजेत. तुमाले वाटलं त बसा. नाई वाटलं त जा."

कोणी हललं नाही. बसलंही नाही. मी एकटीच बसलेली. मला वाटलं, झालं, फजिती झाली.

मग निंदणाच्या वावरातून सरू आली. खुरपं कमरेला खोचून. सरळ येऊन माझ्या बाजूला बसली.  तिच्यामागं ती आंधळ्या बापाची. मग बाकीच्या. मग फुलावरच्या नऊ बाया एकेक करून बसल्या. वच्छी तेवढी डबा घेऊन उभी. रडत होती. "मले घरी मारतीन वो बाई," म्हणाली.

"तू उभी राह्य," मी म्हणाले. "तुह्यावर राग नाई माह्या."

ऊन चढलं. मॅनेजर आला. ओरडला. एकेकीचं नाव घेऊन ओरडला. कपाशीचं फूल सकाळी पिवळं असतं, संध्याकाळी लाल पडून मिटतं. एक दिवसाचा जीव. त्याला हे माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तो शिव्या देत होता आणि त्याचे डोळे सारखे फुलांकडं जात होते.

नामदेव जमादार काठी घेऊन सरूपुढं उभा राहिला. "ऊठ वं. ऊठ म्हणतो ना."

सरूनं मान वर केली. नवऱ्यापुढं तिला इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"तुमचा पाय मोडला तवा तुमाले कोण उठवे?"

काठी उचललेली होती. ती खाली आली नाही. नामदेव बैलांकडं निघून गेला. लंगडत. अजून थोडा लंगडायचा तो.

त्या दिवशीची सगळी फुलं वाया गेली. आम्ही दुपारपर्यंत बसलो. भाकरी वाटून खाल्ली. कोणी गाणं म्हटलं नाही, घोषणा दिली नाही. भीती होती. मला तर होतीच.

दुसऱ्या दिवशीही आम्ही बसलो. मालक मोटारीनं आले. नागपूरचे साहेब उद्यावर होते, त्याआधी हे निस्तरायचं होतं. मालक गाडीतून उतरले नाहीत. दार उघडं ठेवून मला बोलावलं. गोड बोलणारा माणूस.

"बाई, घरच्यांची सेवा हा बाईचा धर्म. तू तो पाळलास. मला त्याचा आदर आहे."

मी वाट पाहिली.

"पण मुकादमीला माणूस भरवशाचा लागतो. उद्या तुझ्या घरी पुन्हा कोणी आजारी पडलं तर?"

"तुमच्या घरी कोणी आजारी पडत नाई काय, मालक?"

"पडतं. पण तिथं बाया आहेत."

हे ते हसत म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. एका वाक्यात त्यांनी मला सगळं सांगून टाकलं. त्यांचा भरवसा कशावर उभा होता ते. मॅनेजरचा, जमादाराचा, माझ्या नवऱ्याचा. प्रत्येकाच्या मागं घरात एक बाई बसलेली होती, म्हणून तो भरवशाचा. आणि ती बसलेली होती म्हणून ती बिनभरवशाची.

मालकानं फैसला केला. निंदणातल्या जुन्या सातजणींना फुलावर घ्या. हातांची गरज होतीच. मलाही घ्या, वच्छीच्या हाताखाली. झालं गेलं विसरा.

बाया माझ्याकडं पाहायला लागल्या. दोन दिवसांचा रोज बुडाला होता.

"तुमी जा," मी म्हणाले. "पोट साऱ्यायलेच हाये. सरू, तू जाय. तुह्यं काम तुले भेटलं, ते घे."

"अन् तू?"

"मी हाताखाली येत नाई."

मी हे मालकाकडं पाहून म्हटलं. गाडीच्या दारापाशी उभी राहून. मग फाटकातून बाहेर आले. कोणी अडवलं नाही.  

घरी आले तर ओसरीत भासरा. नांदगावहून आलेला. नवराही बसलेला, मान खाली. फारमातली बातमी माझ्याआधी घरी आली होती. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण भासरा वेगळ्याच कामानं आला होता. त्यांचा काका, माझा चुलतसासरा, नांदगावला भासऱ्याच्याच घरी राहत होता. त्याला पक्षाघात झाला होता. भासऱ्याची बायको पोटुशी होती.

"बरं झालं," भासरा म्हणाला. "तू त आता रिकामीच हायेस. कपडे बांध, उद्या चाल माह्यासंग."

रिकामी.

मॅनेजरनं पेन्सिल पुसली तेव्हा मला लाज वाटली होती. या शब्दानं लाज नाही वाटली. डोकं एकदम थंड झालं. भासऱ्यासमोर मी कधी उभी राहून बोलले नव्हते. डोक्यावरचा पदर तसाच ठेवला आणि उभी राहिले.

"मी रिकामी नाई, भाऊजी. माह्यं काम गेलं हाये. मी काम शोधून राहिली."

"मंग काकाले कोण पाह्यते?"

"तुमी दोघं भाऊ हाये. पह्यला महिना तुमी. दुसरा महिना हे. तिसरा महिना मी येईन. सारं करीन, हगमूत काढीन, नाई म्हणत नाई. पण पह्यला महिना माह्या नाई."

भासऱ्यानं नवऱ्याकडं पाहिलं. "ऐकून राहिला काय बायकोचं?"

नवरा म्हणाला, "लोक काय म्हणतीन वं?"

"म्हणू द्या. मागच्या खेपेले मले शिव्या पडतीन म्हून मी भेली. आता पडू द्या."

भासरा न जेवता गेला. नवरा चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्यानं धोतर-बंडी बांधली आणि नांदगावला गेला. आठ दिवसांनी परत आला. उंबऱ्यात बसला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "मले जमत नाई."

"मलेही जमत नव्हतं," मी म्हणाले.

मी त्याला जेवू घातलं. दुसऱ्या दिवशी तो परत गेला. कुरकुरत गेला. फारमात औताची त्याची जागा तशीच राहिली, हे सांगायला नको.

मीही निघाले. अमरावतीकडं बियाण्याची वावरं आहेत असं ऐकलं होतं. भातकुलीजवळच्या एका ठिकाणी कारभाऱ्यासमोर उभी राहिले. त्यानं माझं काम विचारलं, शेवटचं कधी केलं ते विचारलं. नख आता थोडं वाढलं होतं, मी एक कळी सोलून दाखवली. तो खूश झाला. मग म्हणाला, "सव्वा-दीड वर्ष काम सोडलेलं दिसते. मधे कोठी होती?"

वाटेत मी ठरवलं होतं की खोटं सांगायचं. देवीचा ताप आला होता, असं काहीतरी. स्वतःच्या आजाराला रजा मिळते, हे मी शिकले होते. पण तोंड उघडलं आणि खोटं येईना.

"सासूपाशी होती. ती मरेपर्यंत. काम येते ते पाह्यलंच तुमी. मुकादमी पाह्यजे."

"मुकादमी?" तो म्हणाला. "आधी निंदणात लाग. एक-दोन हंगाम जाऊ दे, मंग पाहू."

मी लुगड्याचा पदर खोचला आणि परत फिरले.

पुढं आणखी फारमं आहेत. अमरावतीच्या पुढंही आहेत. जिथं विचारतील तिथं मी सांगणार, मी माणूस सांभाळत होते. मान वर करून सांगणार. आजारी माणसाला टाकून यायला मी कोणाला सांगत नाही, स्वतःही येणार नाही. पण त्या सेवेचा दंड आता मी भरणार नाही. एकदा भरला. निंदणापासून सुरुवात मी एकदा केली आहे. दुसऱ्यांदा करणार नाही.

मुकादमीण म्हणून लावणार असाल तर फाटक उघडा. नसाल तर मी पुढच्या फाटकाशी जाते.